पटावर एक

राजनंदिनी : बाई, मी उद्यापासनं येणार न्हाय.

दैवशाला : काय म्हणलीस?

राजनंदिनी : काय न्हाय.

दैवशाला : आत्ता काहीतरी म्हणलीस की.

राजनंदिनी : मी न्हाय म्हणलं.

दैवशाला : मग कुणी म्हणलं? अंगणवाडीत आज तू आणि मी. मी तर म्हणले नाही.

राजनंदिनी : पालीनं म्हणलं.

दैवशाला : पाल म्हणली, मी उद्यापासनं येणार नाही?

राजनंदिनी : व्हय. तिकडं, ट्यूबलाइटच्या मागनं म्हणली.

दैवशाला : बरं झालं. मला भीती वाटते तिची. कुठं चाललीय?

राजनंदिनी : भूमला. इंग्लिश शाळेत.

दैवशाला : पाल?

राजनंदिनी : तिला न्यायला गाडी येणार हाय. पिवळी. दारापर्यंत.

दैवशाला : पालीच्या दारापर्यंत पिवळी गाडी. आणि टाय?

राजनंदिनी : टाय लाल हाय. इलॅस्टिकचा. काल आणला काकानं. पालीच्या काकानं.

दैवशाला : पालीला मान नसते, राजनंदिनी.

राजनंदिनी : म्हणून तर इलॅस्टिकचा आणला.

दैवशाला : बरोबर आहे. आणि पालीला कुणी सांगितलं होतं का, बाईंना सांगू नको म्हणून?

राजनंदिनी : आजीनं. आजी म्हणली, बाईला म्या सांगते, तू तोंड उघडू नको. म्हणून मी सांगितलंच न्हाय.

दैवशाला : शहाणी आहेस. मग मीही ऐकलं नाही. झालं? बस नीट. आधी हजेरी, मग बोरन्हाण.

राजनंदिनी : आधी बोरन्हाण.

दैवशाला : आधी हजेरी. शंभू.

राजनंदिनी : हजर बाई!

दैवशाला : शंभू दिवाळीपासून ऊसतोडीला गेलाय.

राजनंदिनी : शंभू न्हाय गेला. त्याचे आईबाप गेलेत. त्यो नुसता बसलाय तिथं.

दैवशाला : कुठं?

राजनंदिनी : मोळीवर.

दैवशाला : मग तू कशाला त्याची हजेरी देतेस?

राजनंदिनी : त्यो आल्यावर तुमी विचारता, इतके दिवस का आला न्हाईस. मग त्याला रडू येतं. मी हजर म्हणलं की विचारायचं कामच न्हाय.

दैवशाला : कृष्णराज.

राजनंदिनी : हजर. त्यो पण मोळीवर.

दैवशाला : एकाच मोळीवर?

राजनंदिनी : न्हाय वो. येगळा कारखाना हाय त्यांचा.

दैवशाला : रुद्रेश.

राजनंदिनी : हदर बाई.

दैवशाला : हा कसला आवाज?

राजनंदिनी : रुद्रेशला सर्दी हाय. पिवळ्या गाडीत खिडकीपाशी बसतो, वारं लागतं.

दैवशाला : राजनंदिनी.

राजनंदिनी : ...

दैवशाला : राजनंदिनी?

राजनंदिनी : आज तर हाय की. हजर.

दैवशाला : छान. सगळी मुलं हजर. आता पाटावर ये. काळा फ्रॉक कुणी घातला?

राजनंदिनी : आजीनं. आईचा फोन आल्ता, बोरन्हाणाला काळं घाला म्हणली. हलव्याचा हार तुमी करणार हुता.

दैवशाला : केलाय. हा बघ. मान वर. खायचा नाही हं.

राजनंदिनी : एकच दाणा.

दैवशाला : फोटो होऊ दे, मग खा. आता डोळे मिट. चुरमुरे येतायत... बोरं येतायत... हे हरभऱ्याचे घाटे... ह्या शेंगा... आणि हे उसाचे करवे.

राजनंदिनी : डोक्यावर आपटलं एक.

दैवशाला : मोठा आला. एवढा मोठा मी कापला नव्हता.

राजनंदिनी : आईनं तोडलेला हाय का ह्यो?

दैवशाला : नाही ग. हा मागच्या शेतातला. आईचा ऊस कारखान्यात जातो.

राजनंदिनी : मग तिनं एक बाजूला ठिवायला पायजे हुता. आता लुटा.

दैवशाला : लूट की. सगळं तुझंच आहे.

राजनंदिनी : जिच्या डोक्यावर टाकत्यात तिनं लुटायचं नसतं. दुसऱ्यांनी लुटायचं असतं. तुमीच सांगितलं मागल्या संक्रांतीला. शंभूच्या बोरन्हाणात मी सगळ्यात जास्ती लुटलं.

दैवशाला : तेव्हा तुम्ही सगळी होतात.

राजनंदिनी : आता तुमी हाव.

दैवशाला : मी टाकणारी आहे.

राजनंदिनी : टाकून झालं की. आता लुटणाऱ्या व्हा.

दैवशाला : बरं. ही झाले लुटणारी. हे बघ, लुटतेय.

राजनंदिनी : असं न्हाय. असं तर आजी तांदूळ निवडती. पळत लुटा. ढकला.

दैवशाला : कुणाला ढकलू?

राजनंदिनी : शंभूला.

दैवशाला : शंभू मोळीवर आहे ना?

राजनंदिनी : मग त्याच्या जागेला ढकला. आरडा पण.

दैवशाला : ए शंभू! सरक! माझं बोर आहे ते!

राजनंदिनी : व्हय, असं. बाई, तुमच्या गुडघ्यातनं आवाज आला.

दैवशाला : तो पण ओरडतोय. झालं. आता ओटा पसर. बोरं इकडं, करवे इकडं, शेंगा तिकडं. वेगळं करायचं. चुरमुरा चिमटीत धरून उचल, मूठ मारायची नाही.

राजनंदिनी : इंग्लिश शाळेत असलं करत न्हाईत.

दैवशाला : पाल म्हणली का?

राजनंदिनी : न्हाय. मी गेल्ते की बघायला. काकाच्या गाडीवर. मॅडमनं परीक्षा घेतली.

दैवशाला : काय विचारलं?

राजनंदिनी : वांग्याचं चित्र दाखवलं, म्हणली ह्ये काय? मी म्हणलं वांगं. ती म्हणली ब्रिंजल. मी म्हणलं, न्हाय, वांगंच हाय, नीट बघा, देठ हाय. मग ती हसली.

दैवशाला : अजून?

राजनंदिनी : रंग विचारले. सांगितले. मणी ओवायला दिले. ओवले. गोष्ट सांग म्हणली. मी हत्तीच्या सोंडेत मुंगी जाती ती सांगितली. मोठ्ठी केली.

दैवशाला : शेवटी हत्तीला शिंक येते ते सांगितलंस?

राजनंदिनी : शिंकून दाखवलं. मॅडमच्या कागदावर गेलं थोडं. मग मॅडम काकाला म्हणली, कुठल्या शाळेत हुती ही?

दैवशाला : मग?

राजनंदिनी : काका म्हणला, कुठल्याच न्हाय. घरीच शिकली.

दैवशाला : आणि तू काय म्हणलीस?

राजनंदिनी : मला चॉकलेट दिल्तं. तोंडात हुतं.

दैवशाला : हं. कसलं चॉकलेट?

राजनंदिनी : कॉफीचं.

दैवशाला : ते दाताला चिकटतं. बोलता येत नाही.

राजनंदिनी : व्हय ना. बाई, ती बघा आजी आली. मी काय सांगितलं न्हाय हं तुमाला.

दैवशाला : मला काहीच माहीत नाही. या आजी, या. आज लवकर?

धुरपताबाई : लवकर कुठलं. रोजच्याच टायमाला आले.

दैवशाला : रोजच लवकर येता तुम्ही. पोरीला सोडायचा वेळ व्हायचाय अजून.

धुरपताबाई : मग बसते की पायरीवर. घरात काय सोनं पिकलंय? लेक-सून तिकडं, धाकटा शिवकुमार भूमला मोबाइलच्या दुकानात. भितीकडं बघायचं आन् भितीनं माझ्याकडं. झालं का बोरन्हाण?

दैवशाला : झालं. लुटूनही झालं.

धुरपताबाई : कुणी लुटलं?

राजनंदिनी : बाईनं. शंभूला ढकलून.

धुरपताबाई : अगं बया! शंभू आला का कारखान्यावरनं?

दैवशाला : नाही आजी. त्याच्या जागेला ढकललं.

धुरपताबाई : बरं बरं. हे घ्या. संक्रांतीचं वाण आणलंय. चहाची गाळणी हाय.

दैवशाला : गाळणी तुम्ही परवाच दिलीत, हळदीकुंकवाला.

धुरपताबाई : ती बारीक जाळीची. ही मोठ्या जाळीची. पाणी देता का प्यायला? ऊन लई हाय.

दैवशाला : पौषात?

धुरपताबाई : पौषातलं ऊन लागत न्हाय व्हय? बाई, तारामतीच्या जागी नवी मदतनीस आली का हो?

दैवशाला : ती रिटायर झाल्यापासून जागा रिकामीच. सैपाक मी, झाडणं मी, शिकवणं मी.

धुरपताबाई : लई काम पडतं तुमाला. बरं, तुमच्या हौशा-मावशीच्या म्हशीचं काय झालं?

दैवशाला : मला मावशी नाही आजी.

धुरपताबाई : मग कुणाची म्हस आजारी हुती?

राजनंदिनी : आजी, बाईला सांगितलंय पालीनं. तू म्हस सोड.

धुरपताबाई : काय सांगितलं? कुणी?

दैवशाला : उद्यापासून पिवळ्या गाडीत जाणार आहे, ते.

धुरपताबाई : नंदे! तुला म्हणलं हुतं तोंड उघडायचं न्हाय!

राजनंदिनी : पालीनं उघडलं.

दैवशाला : तिला रागवू नका. मी ऐकलंच नाही असं ठरलंय आमचं. तुम्ही सांगा नव्यानं.

धुरपताबाई : आता काय सांगू... चार दिस झाले, रोज ठरवून येते. पायरीवर बसलं की जीभच वळत न्हाय. शिवकुमार म्हणतो, आत्ता घातलं तर जूनला जागा पक्की, न्हायतर न्हाय. म्हणून घातलं.

दैवशाला : पाडव्यापर्यंत तरी थांबा आजी. तोवर ऊसतोडीची पोरं परत येतील, वर्ग भरेल. मोठ्या गटात ती शंभूला मणी ओवायला शिकवत होती. दुसऱ्याला शिकवताना पोर पक्कं होतं.

धुरपताबाई : तवर ती गाडी थांबंल का?

दैवशाला : एबीसीडी पाहिजे असेल तर ती मलाही येते. बारावी झालेय मी.

धुरपताबाई : येत आसंल की. पर तुमच्या शाळंला टाय न्हाय.

दैवशाला : टाय लावते.

धुरपताबाई : पोरीला?

दैवशाला : मला. पोरीला नंतर बघू.

धुरपताबाई : थट्टा करू नका वो बाई. माझ्या जिवाला लागतं.

दैवशाला : थट्टा नाही. रविवारच्या बाजारात इलॅस्टिकचा मिळतो. हातगाड्यावर बघितलाय मी.

धुरपताबाई : तुमचा लई उपकार हाय. पोरगी इथं सांभाळली म्हणून म्या रानात जाऊ शकले. पर सांभाळणं येगळं आन् शिकवणं येगळं. रागवू नका.

दैवशाला : नाही रागवत. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा ही बोलत नव्हती, आठवतं का? बोटानं दाखवायची. रोज तिच्याशी बाहुलीच्या तोंडून बोलत होते मी. पहिल्यांदा बोलली ती बाहुलीशीच.

धुरपताबाई : बोलायचं काय वो, वय झालं की सगळीच बोलत्यात. आता बघा, गप बसत न्हाय.

दैवशाला : हो. ते झालंच.

धुरपताबाई : हिच्या बापाचा फोन आल्ता परवा. म्हणला, आई, दोघं मिळून मोळ्या बांधतो, डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढतो, पाय घसरतो. पोरीला आसलं नगं. जे काय करायचं ते आत्ताच कर, मोठी झाल्यावर उशीर हुतो. आता सांगा, म्या काय म्हणायचं?

दैवशाला : त्याचं बरोबर आहे.

धुरपताबाई : मग.

दैवशाला : एक विचारू? शिवकुमारनं त्या शाळेत सांगितलं, घरी शिकली. घरी कोण शिकवतं आजी?

धुरपताबाई : कुणी सांगितलं तुमाला?

राजनंदिनी : मला चॉकलेट हुतं तोंडात. मी न्हाय.

धुरपताबाई : अवो, त्याचं काय झालं, आमच्या म्होरं हरणाबाईचा नातू हुता. त्याच्या बापानं सांगितलं, अंगणवाडीत हुता. तर त्याला खालच्या वर्गात बसवलं. म्हणले, अंगणवाडीची पोरं नुसती खिचडी खाऊन येत्यात, पहिल्यापासनं सुरू करावं लागतं. म्हणून शिवकुमार म्हणला, घरी.

दैवशाला : आणि घरी म्हटल्यावर?

धुरपताबाई : सरळ वरच्या वर्गात! मॅडम म्हणली, आई चांगली शिकलेली दिसती हिची. लई मेहनत घेतलीय.

दैवशाला : आई.

धुरपताबाई : तिला सहीपुरतं येतंय बघा. म्या फोनवर सांगितलं, अगं, भूमची मॅडम म्हणली तू लई मेहनत घेतलीस पोरीवर. तर आदी हसली. लई हसली. मग मागनं तोडीचा आवाज येत हुता नुसता. म्हणली, आत्या, खरंच आसं म्हणली का? परत सांगा. म्या परत सांगितलं. तर फोन ठिऊन दिला. रडत आसंल.

दैवशाला : ही गाळणी आत ठेवते मी.

धुरपताबाई : कायतरी बोला की बाई.

दैवशाला : राहू द्या.

धुरपताबाई : काय?

दैवशाला : तिच्याच नावावर राहू द्या. पुढं कुणी विचारलं तरी तेच सांगा. बदलू नका.

धुरपताबाई : तुमाला वाईट वाटलं.

दैवशाला : वाटलं थोडं. पण दोघींचं नाव तर नाही लिहिता येणार एका ठिकाणी. तिला त्याची गरज जास्त आहे. तिकडं थंडी आहे.

धुरपताबाई : तिला सांगू का फोनवर, बाईनं शिकवलं म्हणून? तिला सांगायला काय हाय?

दैवशाला : नको. सांगितलं की परत विचारेल, मग मॅडम कुणाला म्हणली. काही सांगू नका. बोरन्हाणाचा फोटो पाठवते, तेवढा दाखवा.

धुरपताबाई : देव तुमचं भलं करो. बाई... उद्या ह्या टायमाला म्या काय करू?

दैवशाला : म्हणजे?

धुरपताबाई : न्हाय, ह्या टायमाला हिकडं यायचं अंगवळणी पडलंय. वाट चालती तशी चपलच वळती हिकडं. पोर गाडीतनं दिवस मावळता येणार.

दैवशाला : या की मग. बसा पायरीवर.

धुरपताबाई : कशाला आलीस म्हणून लोकं विचारतील. पोर न्हाय, पोराचं सोंग न्हाय. म्हातारी अंगणवाडीत जाती म्हणून हसतील. त्यापरीस तुमीच या आमच्याकडं. चहा करते. गाळणी हाय दुसरी.

दैवशाला : वेळेत मला इथून हलता येत नाही.

धुरपताबाई : एकबी पोर नसताना?

दैवशाला : केंद्र उघडं लागतं.

धुरपताबाई : कुणासाठी?

दैवशाला : ते विचारायची पद्धत नाही.

धुरपताबाई : आवघड हाय. चल नंदे. पाया पड बाईच्या.

दैवशाला : नको, पाया नको. ये इकडं. हार काढते, खा आता. उद्या गाडीत खिडकीपाशी बसू नको.

राजनंदिनी : बसणार हाय.

दैवशाला : मग स्वेटर घाल. आणि शू लागली तर मॅडमना सांगायचं, धरून ठेवायची नाही. इंग्रजीत सांगता आलं नाही तर मराठीत सांग. करंगळी दाखव, करंगळी सगळ्यांना कळते.

राजनंदिनी : बाई, तुमी कुणाला शिकवणार उद्या?

दैवशाला : बघते. पालीला.

राजनंदिनी : ती तर चालली भूमला.

दैवशाला : अरे हो.

धुरपताबाई : चल गं. बाई, येते हं. रागावला न्हाईत ना?

दैवशाला : नाही आजी. नीट जा. उंबऱ्याला करवा पडलाय, पाय घसरेल.

(दोघी गेल्या. दैवशालाबाई एकट्या. थोड्या वेळानं फोन वाजतो. पलीकडं तालुक्याच्या पर्यवेक्षिका हर्षाली मॅडम.)

हर्षाली : नमस्कार दैवशालाताई, हर्षाली बोलतेय. आवाज येतोय?

दैवशाला : नमस्कार मॅडम. फक्त तुमचाच येतोय.

हर्षाली : ताई, आजच्या उपक्रमाचा फोटो अजून ग्रुपवर नाही. सगळ्या केंद्रांचे आले.

दैवशाला : काढलाय मॅडम. बोरन्हाण घेतलं. पण त्यात एकच मूल आहे.

हर्षाली : एकच? जरा जवळून काढायचा ना. जवळून काढला की गर्दी वाटते.

दैवशाला : जवळून काढला तर नुसतं नाक येतं.

हर्षाली : बरं, पाठवा आहे तसा. पटावर किती लिहू ह्या आठवड्यात?

दैवशाला : ऊसतोडीला गेलेली वजा केल्यावर सकाळी एक होतं. आता शून्य.

हर्षाली : शून्य? राजनंदिनी होती ना एक?

दैवशाला : उद्यापासून भूमला, खासगीत.

हर्षाली : अरेरे. ही गळतीत जाणार मग. कारण द्यावं लागेल. मूल का गेलं?

दैवशाला : चांगलं तयार झालं म्हणून गेलं.

हर्षाली : असा पर्याय नाहीये ताई. स्थलांतर, आजारपण, पालकांची नाराजी आणि इतर. एवढेच आहेत.

दैवशाला : नाराजी नाही. आजी वाण देऊन गेल्या.

हर्षाली : मग इतर करते.

दैवशाला : करा. इतरच आहे.

हर्षाली : आणि शून्य टाकलं की मशीन विचारतं, केंद्र बंद आहे का?

दैवशाला : उघडं आहे. मी आहे ना आत.

हर्षाली : मग विचारतं, उघडं आहे तर लाभार्थी किती?

दैवशाला : मला लाभार्थी धरता येतं का?

हर्षाली : सहा वर्षांच्या आत असाल तर.

दैवशाला : नाही बसत मग.

हर्षाली : ताई, मी हसले, सॉरी. पण खरंच, केंद्र रोज उघडा. वेळेत या, वेळेत जा. वरून कुणी आलं आणि कुलूप दिसलं तर पंचाईत. आणि सोमवारी धाराशिवला प्रशिक्षण आहे तुमचं. दिवसभर.

दैवशाला : विषय?

हर्षाली : थांबा, वाचते. "मुलांना मोठ्या गटात खेळवताना होणारा गोंधळ कसा हाताळावा."

दैवशाला : येते. गोंधळ बघून बरेच दिवस झाले.

हर्षाली : ताई, तुम्ही ठीक आहात ना?

दैवशाला : ठीक आहे की. आमचे मालक पुण्यात वॉचमन, ते तिकडं रात्रभर रिकाम्या बिल्डिंगीला पहारा देतात. मी इकडं दिवसभर. सगळं कव्हर होतंय.

हर्षाली : मला वाईट वाटतं हो. पण इतकी केंद्रं आहेत माझ्याकडं, सगळीकडं हेच ऐकते. मी तरी काय करणार?

दैवशाला : तुमच्याकडून कसली अपेक्षा नाही मॅडम. एक विचारू? तुम्ही लहानपणी कुठं होतात?

हर्षाली : मी? आमच्या गावातच. माकणीला. अंगणवाडीत.

दैवशाला : खरंच?

हर्षाली : हो, धरणाच्या पाण्याचा वारा यायचा खोलीत. एक बाई होत्या, मी रडले की मला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभ्या राहायच्या, बगळे दाखवायच्या. बगळा उडाला की टाळी. मी तिथंच पहिल्यांदा मोजायला शिकले, आत्ता आठवतंय बघा. किती वर्षांनी आठवलं!

दैवशाला : काय नाव त्यांचं?

हर्षाली : नाव... थांबा हं. नाव...

दैवशाला : असू द्या.

हर्षाली : नाही, आठवेल. हिरवी साडी असायची. नाव... कमाल आहे. आम्ही नुसतं बाईच म्हणायचो हो.

दैवशाला : बाईच म्हणतात. बरोबर आहे.

हर्षाली : आईला विचारून सांगते तुम्हाला.

दैवशाला : सांगा. आहेत का त्या अजून?

हर्षाली : माहीत नाही. कधी विचारलंच नाही मी. ... बरं ताई, एक राहिलं. वरून साहित्याची मागणी मागवलीय, आजच द्यायचीय. तुमच्या केंद्राला काय काय लागतंय ते सांगा, मी लिहून घेते. सतरंजी, ठोकळे, भांडी, वजनकाटा?

दैवशाला : सतरंजी आहे. ठोकळे आहेत, ह्या वर्षी झिजलेच नाहीत. वजनकाटा दोन आहेत, दोन्ही शून्य बरोबर दाखवतात.

हर्षाली : मग काहीच नको?

दैवशाला : हवंय. रीतसर सांगू का?

हर्षाली : सांगा ना. जसंच्या तसं लिहिते.

दैवशाला : लिहा. विषय, केंद्रास मूल मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर केंद्रात खोली, फळा, बाहुली व एक सेविका चालू स्थितीत उपलब्ध असून तिचा वापर सध्या होत नाही. तरी केंद्रास एक मूल, वय तीन ते सहा, न बोलणारं असलं तरी चालेल, तातडीनं पुरवण्यात यावं. वय पूर्ण होताच मूल बोलतं करून, सुस्थितीत, ज्याच्या त्याच्या नावावर परत करण्यात येईल. आजवरची सगळी तशीच परत केलेली आहेत. मंजुरीस विनंती.